डिचोलीतील एक विहीर, पितळी नळ आणि शिशाची पेशीविरहित चाचणी

हे प्रकरण डिचोली तालुक्यातील एका घराचे आहे. गावाचे व कुटुंबाचे नाव त्यांच्या विनंतीवरून दिलेले नाही. घरामागे चिऱ्यांनी बांधलेली जुनी विहीर आहे, तिच्यावर मोटरपंप बसवलेला आहे आणि टेकडीच्या पलीकडे लोहखनिजाच्या खाणीचा पाण्याने भरलेला खड्डा आहे. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील ८८ खाणपट्टे रद्द केले आणि त्या वर्षीच्या मार्चच्या मध्यापासून खाणकाम थांबले; पण उकरलेला डोंगर आणि त्यात साठलेले पाणी जागच्या जागी राहिले. त्यामुळे अशा गावात विहिरीचे पाणी जरा तांबूस दिसले, की पहिला संशय खाणीवर जातो आणि तो संशय निराधार म्हणता येत नाही.

घरात आजी, त्यांचा मुलगा, सून आणि दोन नातवंडे राहतात. धाकटे नातवंड तीन वर्षांचे आहे. सूनबाई शिक्षिका आहेत. पाण्याचा एक तपासणी अहवाल त्यांच्याकडे आधीच होता. त्यात आम्लता, कठीणपणा, क्षार आणि कोलिफॉर्म जिवाणू एवढेच तपासलेले होते आणि खाली ‘पिण्यास योग्य’ असा शेरा होता. जड धातूंचा त्यात उल्लेखच नव्हता. ‘पाण्यात विष आहे की नाही, एवढे सांगा,’ असे त्या म्हणाल्या. ‘विष’ नावाची एकच चाचणी नसते, हे त्यांना समजावून सांगावे लागले. आमच्या प्रयोगशाळेकडे त्या वेळी शिसे ओळखणाऱ्या चाचणीच्या नळ्या तयार होत्या म्हणून आम्ही शिसे तपासले. ही निवड पुराव्यावरून झालेली नव्हती, आणि पुढे जे घडले ते समजण्यासाठी ही गोष्ट लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

नळीत काय असते

जिवाणूंच्या अंगी विषारी धातू ओळखण्याची सोय असते. स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूत कॅडसी नावाचे प्रथिन असते. ते डीएनएच्या एका ठरावीक जागी बसून राहते आणि पुढची जनुके वाचू देत नाही. कॅडमियम किंवा शिसे येऊन त्याला चिकटले की त्याचा आकार बदलतो, त्याची डीएनएवरची पकड सुटते आणि धातू पेशीबाहेर टाकणारी यंत्रणा सुरू होते. पाऱ्यासाठी मेरआर आणि आर्सेनिकसाठी आर्सआर ही अशीच पहारेकरी प्रथिने आहेत.

हे प्रथिन जिवंत जिवाणूतच ठेवून संवेदक तयार करता येतो आणि तसे संवेदक तयारही झाले आहेत. पण धातू पेशीच्या आत शिरावा लागतो, पाण्यातील दुसऱ्याच एखाद्या द्रव्याने जिवाणू मरू शकतो, आणि जनुकीय बदल केलेला जिवंत जीव कोणाच्या विहिरीपाशी नेणे म्हणजे १९८९च्या केंद्रीय नियमांच्या कक्षेत येणे. पेशीविरहित पद्धतीत पेशी वगळून फक्त तिची यंत्रसामग्री नळीत घेतात. ही कल्पना जुनी आहे. १९६१ साली निरेनबर्ग आणि मथाई यांनी ई. कोलाय या जिवाणूच्या पेशी फोडून मिळवलेल्या अर्कात जनुकीय संकेताचा पहिला शब्द वाचला होता. २०१४ साली जेम्स कॉलिन्स यांच्या गटाने असा अर्क कागदावर गोठवून सुकवला, तरी पाण्याचा थेंब पडताच तो पुन्हा काम करू लागतो, हे दाखवले. २०२० साली नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील ज्युलियस लक्स यांच्या गटाने अर्कही बाजूला ठेवला आणि मोजके शुद्ध घटक घेऊन ‘रोझॅलिंड’ ही पद्धत मांडली.

आमच्या नळ्या याच धर्तीच्या आहेत. नळीत टी७ आरएनए पॉलिमरेज हे, डीएनए वाचून त्याची आरएनए ही नक्कल बांधणारे विकर (एन्झाइम), डीएनएचा एक छोटा तुकडा, त्यावर बसलेले कॅडसी, आरएनए बांधण्यासाठी लागणारा कच्चा माल आणि एक रंगद्रव्य असते. धातू आला की कॅडसी सुटते, पॉलिमरेज पुढे सरकते आणि आरएनए तयार होऊ लागते. या आरएनएची घडी अशी पडते की रंगद्रव्य तिच्यात अडकते आणि निळ्या उजेडात हिरवे चमकते. हा सगळा माल गोठवून सुकवला की नळीच्या तळाशी पांढरी, कापसासारखी गोळी उरते. तीत नमुन्याच्या पाण्याचे २० मायक्रोलिटर घालायचे, नळी ३७ अंशांवर तासभर ठेवायची आणि निळा दिवा लावून नारिंगी काचेतून पाहायचे. ३७ अंशांसाठी यंत्राची गरज पडत नाही. वीज गेली तेव्हा आम्ही नळ्या काखेत धरून हे काम केले आहे.

गोव्याच्या पावसाळ्यात मात्र हा सुका माल सांभाळणे जिकिरीचे असते. पाकीट फोडून पाच मिनिटे झाली, तरी गोळी हवेतली ओल शोषते, आकसते आणि नळीच्या भिंतीला चिकट थर होऊन बसते. आमचा पहिला संच जुलैत असाच वाया गेला. त्यानंतर प्रत्येक चार नळ्यांसाठी सिलिका जेलसह ॲल्युमिनियमचे वेगळे पाकीट केले, आणि पाणी हातात तयार असल्याशिवाय पाकीट फोडायचे नाही, असा नियम घालून घेतला.

पहिली भेट

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही गेलो. संशय विहिरीवर होता, म्हणून कळशीने विहिरीचे पाणी काढले. दुपारी स्वयंपाकघरातल्या नळाचाही एक नमुना घेतला. आजींनी बोलता बोलता सांगितले, की सकाळच्या पहिल्या पाण्याला तुरट चव लागते, दुपारच्या पाण्याला लागत नाही, आणि हे गेल्या चवथीनंतर (गणेशचतुर्थीनंतर) सुरू झाले. मी ते वहीत लिहून घेतले, पण त्याचा विचार केला नाही. या प्रकरणातील सर्वांत मोठी चूक ती आहे आणि ती माझी आहे.

तासाभराने विहिरीच्या नळ्या काळोख्याच राहिल्या आणि घरातल्यांच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव आला. पण नमुन्याच्या नळ्यांबरोबर आणखी तीन नळ्या लावल्या होत्या. पहिलीत ऊर्ध्वपातित पाण्यात माहीत असलेल्या मात्रेचे शिसे घातले होते. ती नीट उजळली. दुसरीत तेवढेच शिसे विहिरीच्याच पाण्यात घातले होते. ती काळोखी राहिली. तिसरीत कॅडसी घातलेलेच नव्हते, म्हणजे धातू असो वा नसो, ती उजळायलाच हवी होती. विहिरीच्या पाण्यात तीही जेमतेम मिणमिणली.

थोडक्यात, त्या पाण्यात चाचणी चालतच नव्हती. आत शिसे असते तरी नळी काळोखीच राहिली असती. ‘शिसे नाही’ आणि ‘चाचणी झाली नाही’ ही दोन उत्तरे डोळ्यांना अगदी सारखी दिसतात, त्यांना वेगळे करतात त्या फक्त दुसरी आणि तिसरी या दोन जादा नळ्या. खर्च वाचवण्यासाठी संचातून त्याच वगळण्याची सूचना मी एकाहून अधिक वेळा ऐकली आहे, आणि तिला माझा पूर्ण विरोध आहे. त्या संध्याकाळी कुटुंबाला सांगावे लागले की अजून काहीच कळलेले नाही, म्हणून सुटकेचा श्वास घेऊ नका. हे सांगणे जड गेले.

पाणी चाचणीला का अडवत होते

पहिला संशय आम्लतेवर होता. जांभ्या दगडातल्या विहिरींचे पाणी बहुधा मृदू आणि किंचित आम्ल असते. पण अशा पाण्यात क्षार थोडे असल्याने त्याचा आम्लपणा दुबळा असतो. नळीतील बफर, म्हणजे आम्लता स्थिर ठेवणारे द्रव्य, मिसळताच तो नाहीसा होतो. मोजून पाहिले, तसेच निघाले.

दुसरा संशय लोहावर होता. जमिनीखालच्या पाण्यात विरघळलेले लोह हवेशी संपर्क आला की ऑक्सिडीकरण होऊन नारिंगी गाळ बनते, आणि हा गाळ शिशासारखे धातू आपल्या पृष्ठभागावर ओढून धरतो. एका विद्यार्थ्याने पाणी उकळून आणि गाळून चाचणी केली, तेव्हा नळ्या थोड्या अधिक उजळल्या आणि त्याला आनंद झाला. पण उकळल्याने लोहाचा गाळ झपाट्याने खाली बसतो आणि त्याच्याबरोबर जे शोधायचे तेच निघून जाण्याची शक्यता असते. गाळलेल्या पाण्यातील शिसे आणि घरातले लोक पितात त्या पाण्यातील शिसे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून ती वाट सोडली.

तिसरी तपासणी निर्णायक ठरली. आरएनए आधीच तयार करून, रंगद्रव्यासह चमकत असलेल्या अवस्थेत विहिरीच्या पाण्यात मिसळले. सुरुवातीला नळी उजळ होती; अर्ध्या तासात ती मंदावली आणि तासाभरात जवळपास विझली. म्हणजे आरएनए तयार होण्यात मोठा अडथळा नव्हता. तयार झालेले आरएनए तुटत होते. पावसाळ्यात उघड्या विहिरीत पालापाचोळा, माती आणि सूक्ष्मजीव असतातच, आणि त्यांच्यासोबत आरएनए तोडणारी विकरे येतात. ही विकरे चिवट असतात, त्यातील काही तर उकळूनही पुरती नष्ट होत नाहीत. उपाय साधा निघाला: त्या विकरांना रोखणाऱ्या प्रथिनाची मात्रा नळीत दुप्पट केली आणि वाचन एका तासाऐवजी अर्ध्या तासाला घेतले. कॅडसी नसलेली नळी विहिरीच्या पाण्यात नीट उजळली, शिसे घातलेली नळीही उजळली. विहिरीचे नुसते पाणी मात्र काळोखे राहिले, आणि आता त्या काळोखाला काही अर्थ होता.

तोही मर्यादित अर्थ. भारतीय मानक १०५०० आणि जागतिक आरोग्य संघटना या दोन्हींनुसार पिण्याच्या पाण्यातील शिशाची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. मोलच्या, म्हणजे कणांच्या संख्येच्या, हिशेबात हे लिटरला सुमारे ४८ नॅनोमोल होतात. पॉलिमरेजला अडवून धरण्यासाठी नळीत कॅडसी मात्र मायक्रोमोलच्या पट्टीत (एक मायक्रोमोल म्हणजे हजार नॅनोमोल) घालावे लागते. म्हणजे पहारेकरी पुष्कळ आणि चोर थोडे, अशी स्थिती असते. मूठभर पहारेकरी हटले तरी वाट मोकळी होत नाही. आमच्या नळ्या डोळ्यांना स्पष्ट चमक दाखवतात ती लिटरला साधारण २०० मायक्रोग्रॅमच्या पुढे, म्हणजे मर्यादेच्या वीस पटींवर. काळोखी नळी एवढेच सांगते की त्याहून अधिक शिसे तेथे नाही. पाणी मर्यादेच्या आत आहे, असे ती सांगू शकत नाही.

दुसरी भेट

आजींचे वाक्य मला वही चाळताना पुन्हा दिसले. दरवर्षी चवथीच्या आधी गोव्यातल्या घरांची रंगरंगोटी आणि डागडुजी होते; या घरात गेल्या वर्षी त्याच निमित्ताने स्वयंपाकघरातील नळ बदलले होते. नवे नळ पितळी, वरून चकचकीत मुलामा दिलेले. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. कातकाम सोपे व्हावे म्हणून त्यात थोडे शिसे मिसळण्याची पद्धत जुनी आहे. मृदू, आम्ल पाणी अशा पितळात रात्रभर उभे राहिले की धातू पाण्यात उतरतात आणि नळ नवा असताना अधिक उतरतात. जस्त उतरले की पाण्याला तुरट चव येते. सगळे सूत्र त्या एका वाक्यात होते.

सप्टेंबरमध्ये आदल्या रात्री नळ न सोडण्याची विनंती करून आम्ही पहाटे पोहोचलो. पहिले पाव लिटर पाणी एका बाटलीत घेतले, कारण तेवढे पाणी मुख्यतः नळाच्या आतले असते. त्यानंतरचे पाणी पाइपमधले, म्हणून ते दुसऱ्या बाटलीत. दोन मिनिटे नळ वाहू देऊन तिसरी बाटली भरली, आणि चौथी थेट विहिरीतून कळशीने. आजी रात्री पाणी भरून ठेवतात त्या कल्हई केलेल्या हंड्यातूनही एक नमुना घेतला, कारण कल्हईच्या कथिलात शिशाची भेसळ होते आणि तो संशय मागे ठेवणे योग्य नव्हते. प्रत्येक नमुन्याच्या दोन बाटल्या केल्या. एक आमच्या नळ्यांसाठी तशीच. दुसरी नायट्रिक आम्ल घालून आयसीपी-एमएस तपासणीसाठी, म्हणजे धातूंचे प्रमाण अचूक मोजणाऱ्या यंत्रासाठी. आम्ल घातलेले पाणी आमच्या नळीत चालत नाही, आणि आम्लाशिवाय ठेवलेल्या पाण्यातील धातू बाटलीच्या भिंतीला चिकटून जातात. शिवाय आम्ल गाळाला चिकटलेले शिसेही सोडवते, तर कॅडसीला फक्त मोकळे शिसे दिसते. एकाच पाण्याला या दोन पद्धती वेगवेगळे प्रश्न विचारतात, हे अहवाल शेजारी ठेवताना विसरून चालत नाही.

पहिल्या पाव लिटरची नळी उजळली. चमक मंद होती, पण शेजारच्या काळोख्या नळीसमोर धरली की शंका उरत नव्हती. पाइपच्या पाण्याची नळी संदिग्ध होती. दोन मिनिटांनंतरचे पाणी, विहीर आणि हंडा हे तिन्ही काळोखे राहिले. नळ जबाबदार, असे मानून आम्ही तिथेच थांबलो असतो.

आयसीपी-एमएसचा अहवाल आला आणि त्यात निष्कर्ष खरा, पण त्यामागचे आमचे कारण अर्धवट ठरले. पहिल्या पाव लिटरमध्ये शिसे मर्यादेच्या सात-आठ पट होते. कॅडमियम नव्हते. पण सात-आठ पट म्हणजे लिटरला ७०-८० मायक्रोग्रॅम, आणि आमच्या नळ्यांना दिसायला २०० लागतात. मग नळी उजळली कशी? उत्तर त्याच अहवालात दुसऱ्या ओळीत होते: जस्त. ते लिटरला काही मिलिग्रॅम, म्हणजे शिशाच्या कित्येक पट होते. मानकाच्या ५ मिलिग्रॅमच्या मर्यादेत असल्याने आरोग्याच्या दृष्टीने त्याची चिंता नव्हती. पण कॅडसी जस्तालाही काही प्रमाणात प्रतिसाद देते. प्रयोगशाळेत आम्ही ऊर्ध्वपातित पाण्यात तेवढेच जस्त घालून नळी लावली. शिशाचा अंशही नसताना ती मंद उजळली.

म्हणजे संवेदकाने बोट योग्य नळाकडे दाखवले, पण ते बरेचसे जस्तामुळे. पितळातून दोन्ही धातू एकत्र उतरतात म्हणून या घरात हा गोंधळ उपकारक ठरला. जिथे पाइप गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले आहेत, तिथे हीच नळी शिसे नसतानाही उजळेल आणि एखाद्या कुटुंबाला विनाकारण भीती घालेल. तेव्हापासून आमच्या संचात जस्त ओळखणाऱ्या एसएमटीबी प्रथिनाची एक नळी जोडलेली असते, आणि दोन्ही उजळल्या तर आम्ही ‘शिसे’ हा शब्द तोंडातून काढत नाही, नमुना आयसीपी-एमएसला पाठवतो.

घरात काय झाले

अहवालातील इतर आकडे असे होते: विहिरीत शिसे मोजता येण्याइतके नव्हते, दोन मिनिटे वाहू दिलेल्या पाण्यात ते मर्यादेच्या आत होते, हंड्यातील पाणीही मर्यादेच्या आत होते. त्याच दिवशी कुटुंबाला सांगितले की नळ बदलेपर्यंत सकाळचे पहिले पाणी झाडांना घालावे आणि दोन मिनिटांनंतरचे पाणी पिण्यासाठी व चहासाठी घ्यावे. उकळण्याचा उपयोग नाही, हे मुद्दाम सांगावे लागले. उकळल्याने शिसे जात नाही, पाणी आटेल तसे त्याचे प्रमाण वाढते. रोज सकाळचा चहा आणि धाकट्याचे दूध त्याच पहिल्या पाण्यावर होत होते, हे ऐकून सूनबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला शिसे घातक असते आणि त्याची सुरक्षित अशी कोणतीही पातळी माहीत नाही, म्हणून दोन्ही मुलांच्या रक्ताची तपासणी बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने करून घ्यावी, असे आम्ही सुचवले आणि त्यांनी ती केली. तो अहवाल त्यांचा आहे.

नळ स्टेनलेस स्टीलचे बसवले. महिन्याभराने पहाटेचे पहिले पाणी पुन्हा तपासले, तेव्हा आमची नळी काळोखी होती. तेवढ्यावर विसंबलो नाही. आयसीपी-एमएसमध्येही शिसे मर्यादेच्या खाली आले होते. आजी म्हणाल्या, तुरटपणा गेला.

खाणीचा प्रश्न मात्र तसाच राहिला. विहिरीत शिसे सापडले नाही ही गोष्ट गावात ‘खाणीचा काही त्रास नाही’ अशी पसरू लागली होती, म्हणून ग्रामपंचायतीत जाऊन खुलासा करावा लागला. लोहखनिजाच्या खाणीची खूण म्हणून पाहायचे ते लोह आणि मँगनीज. शिसे ओळखणारी नळी त्याबद्दल काहीच बोलत नाही. आयसीपी-एमएसच्या त्याच अहवालात विहिरीतील मँगनीज लिटरला ०.१ मिलिग्रॅमच्या स्वीकार्य मर्यादेच्या वर आणि दुसरे पाणी नसल्यास चालणाऱ्या ०.३च्या अनुज्ञेय मर्यादेच्या आत होते. या भागातल्या जांभ्यात आणि खनिजात मँगनीज मुळातच असते, त्यामुळे एका विहिरीच्या एका नमुन्यावरून ते खड्ड्यातून पाझरले की जमिनीतूनच आले हे ठरवता येत नाही. त्यासाठी खड्ड्याच्या वरच्या आणि खालच्या अंगाच्या विहिरी, पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात, सारख्याच पद्धतीने तपासाव्या लागतील. पंचायतीने सहा विहिरींची यादी दिली आहे. मँगनीज चिकटले की घडी बदलून कळीसारखे (स्विचसारखे) काम करणारे आरएनएचे नैसर्गिक तुकडे जिवाणूंत सापडले आहेत आणि त्यांच्यावर आधारित नळी आम्ही बसवत आहोत; ती विहिरीच्या पाण्यात तग धरते की नाही, ही परीक्षा अजून व्हायची आहे. तोपर्यंत त्या सहा विहिरींचे नमुने नायट्रिक आम्ल घातलेल्या बाटल्यांतून आयसीपी-एमएसकडेच जातील. पहिली फेरी मे महिन्यात, विहिरी तळाला गेलेल्या असताना घ्यायची, असे ठरले आहे.